काटा शून्यावर होता, तरी चेहरे काळे का आले?

प्रश्न थोडक्यात असा: दोन महिन्यांपूर्वी मिररलेस कॅमेरा घेतला, सोबत १८-५५ची किट लेन्स. शटर (उजेड किती वेळ आत येतो), अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र; आकडा लहान तेवढं ते मोठं) आणि आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील) यांचा त्रिकोण व्हिडिओ बघून पाठ केला. ऑटोवर फोटो बरे येतात. पण 'खरा फोटोग्राफर एमवरच (मॅन्युअल मोडवरच) काढतो' असं ऐकल्यामुळे भाचीच्या साखरपुड्याला कॅमेरा एमवर टाकला. 'आयएसओ १००च्या वर नेऊ नका' असंही ऐकलं होतं, म्हणून तो तिथेच ठेवला. शटर १/१५, अ‍ॅपर्चर ५.६. निम्मे फोटो अंधारे आणि हललेले. नंतर स्टेजजवळ जाऊन कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरचा काटा बरोबर शून्यावर आणून काढले, तर त्यातही चेहरे काळेच. आता मार्गशीर्षात लग्न आहे, तोवर काय शिकू आणि कुठल्या सेटिंग्ज ठेवू?

तक्ता मागू नका. म्हणजे मी देऊ शकतो, पण तो माझ्या हॉलचा असेल, तुमच्या नाही. एका कार्यालयात छताला झुंबरं असतात, दुसऱ्यात चार ट्यूबलाइट आणि स्टेजवर दोन हॅलोजन. शिवाय तुमचा सेन्सर केवढा, फोटो मोबाइलवर बघायचे की अल्बम छापायचा, मामा म्हणून तुम्हाला स्टेजवर चढता येणार की मागच्या खुर्चीवरून झूम करावं लागणार, हे सगळं धरलं तर आकडे बदलतात. हिशेब करायची रीत मात्र बदलत नाही. तुमच्या प्रश्नात दोन वेगळी दुखणी आहेत आणि दोन्हींचं औषध वेगळं आहे. फोटो हलले ते उजेड कमी पडला म्हणून. चेहरे काळे आले ते मीटरचं बोलणं तुम्ही शब्दशः घेतलं म्हणून.

आधी पहिलं. तुमच्यासारख्या हॉलमध्ये मी शेकडो लग्नं काढली आहेत. साधारण बरा उजेड असलेल्या कार्यालयात आयएसओ १०० आणि ५.६ धरलं, तर शटर साधारण अर्ध्या सेकंदावर येतं. तुम्ही १/१५ ठेवलं होतं. अर्ध्या सेकंदावरून १/४, १/८, मग १/१५. तीन स्टॉप कमी (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट), म्हणजे लागत होता त्याच्या आठवा हिस्सा उजेड आत गेला. तरी फोटो हलले, कारण अक्षता टाकणारे हात आणि वळून बघणारी नवरी १/१५ला थांबत नाहीत. म्हणजे फोटो एकाच वेळी अंधारा आणि हललेला. माणसं साधारण स्थिर उभी असतील तर मला निदान १/१२५ लागतं. अर्ध्या सेकंदापासून तिथवर मोजा: १/४, १/८, १/१५, १/३०, १/६०, १/१२५. सहा पायऱ्या. शटरने खाल्लेल्या या सहा पायऱ्या दुसरीकडून भरून काढायच्या. किट लेन्स झूम केल्यावर ५.६च्या पुढे उघडत नाही, मग उरला आयएसओ: २००, ४००, ८००, १६००, ३२००, ६४००. बरोबर सहा.

आयएसओ ६४०० म्हटल्यावर तुमच्या पोटात गोळा आला असेल. येऊ द्या. ग्रेन आयएसओच्या आकड्याने येत नाही, उजेड कमी पडल्याने येतो. तो अंधारा फोटो घरी कॉम्प्युटरवर तीन स्टॉप उजळून बघा, सावल्यांत तेच दाणे दिसतील आणि रंगही मळलेले असतील. आजकालच्या कॅमेऱ्यांचा ६४००चा फोटो अल्बममध्ये सहा बाय आठला छापला तर नवरीच्या आईला दाणे दिसत नाहीत. हललेला चेहरा मात्र लगेच दिसतो. माझा क्रम ठरलेला आहे: दाणेदार चालेल, हललेला चालणार नाही.

आयएसओ खाली आणायचाच असेल तर उपाय लेन्समध्ये आहे. ५० मिमीची १.८ लेन्स किट लेन्सनंतर बहुतेकांनी घेतलेली पहिली लेन्स असते आणि त्याला कारण आहे. ५.६, ४, २.८, २ असे तीन स्टॉप आणि वर एक तृतीयांश. तोच हॉल, तेच १/१२५, आणि आयएसओ ६४००वरून ६४०च्या आसपास येतो. पण १.८वर नवरानवरी एका रेषेत उभे नसतील तर एक जण फोकसमध्ये आणि दुसरा जरा मऊ, हेही पत्करावं लागतं. ग्रुप फोटोला ४ तरी ठेवा. दोन ओळी असतील तर ५.६.

एक सवय आजपासून लावून घ्या. बहुतेक कॅमेऱ्यांत डायलचे तीन टिक म्हणजे एक स्टॉप. स्क्रीनकडे न बघता अंगठ्याने मोजत फिरवा: शटर तीन टिक वर, आयएसओ तीन टिक वर. पेटीवाल्याची बोटं पट्ट्यांकडे न बघता चालतात, तसं हे जमलं की त्रिकोणाचं चित्र आठवावं लागत नाही.

आता दुसरं दुखणं, आणि माझ्या मते खरं तेच. काटा शून्यावर होता तरी चेहरे काळे.

एक प्रयोग सांगतो, वाचून सोडू नका, करा. घरातला पांढरा टॉवेल घ्या आणि काळी छत्री. थेट ऊन येत नाही अशा खिडकीपाशी दोन्ही शेजारी शेजारी पसरा. कॅमेरा ए मोडवर (काही कंपन्या त्याला एव्ही म्हणतात; अ‍ॅपर्चर तुम्ही ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो), ५.६, आयएसओ ४००. आधी टॉवेलच्या इतकं जवळ जा की व्ह्यूफाइंडरमध्ये टॉवेलशिवाय काही दिसू नये. फोकस धरत नसेल तर मॅन्युअल फोकसवर टाका, इथे फोकसचं काम नाही. फोटो काढा आणि शटर किती आलं ते बघा. समजा १/५०० आलं. मग छत्रीचा तसाच फोटो काढा. तिला १/३०च्या आसपास येईल. आता दोन्ही फोटो एकापाठोपाठ एक बघा.

टॉवेल राखाडी आलेला असेल, निळीचा हात न लागलेल्या धोतरासारखा. आणि छत्रीसुद्धा राखाडी, दोन पावसाळे उन्हात वाळत पडल्यासारखी. दोघांचा रंग जवळजवळ एकच. दोघांवर पडलेला उजेड तोच, खिडकी तीच, वेळ तीच. कॅमेऱ्याने मात्र एकीला दुसऱ्यापेक्षा सोळापट उजेड दिला.

कॅमेऱ्यातला मीटर वस्तूवर पडलेला उजेड मोजत नाही, वस्तूवरून परतलेला मोजतो. समोर पांढरं आहे की काळं हे त्याला कळायचा मार्गच नाही. जे दिसेल ते मधल्या राखाडीवर आणून ठेवायचं, एवढंच त्याला शिकवलेलं आहे. नवे कॅमेरे चेहरा ओळखून थोडी हुशारी करतात, तरी मूळ स्वभाव तोच. काटा शून्यावर याचा अर्थ 'बरोबर' असा नाही. त्याचा अर्थ 'मी याला राखाडी केलं आहे' एवढाच.

तुमच्या स्टेजमागे काय होतं? मला न बघता सांगता येतं: पांढरे पडदे, पांढरी फुलं आणि त्यावर सोडलेले दिवे. चौकटीचा मोठा भाग पांढरा. मीटरने तो सगळा राखाडी केला आणि त्याच्या पुढ्यातले सावळे चेहरे ओघानेच काळे पडले. तिथे काटा शून्यावर नको होता, अधिक १वर हवा होता, कदाचित १.३वर. पुन्हा त्या टॉवेलकडे जा. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचं बटण (अधिक-उणे चिन्हाचं) दाबून अधिक १.७ करा आणि टॉवेल पांढराशुभ्र होताना बघा. छत्रीला उणे दीड ते दोन द्या. त्या दोन फोटोंनी जे शिकाल ते मला दहा ओळींत सांगता येणार नाही.

आणि इथेच एमचा भ्रम फुटतो. तुम्ही एमवर होतात, पण करत काय होतात? डायल फिरवून काटा शून्यावर आणत होतात. तेच काम ऑटो स्वतः करतो. म्हणजे तुम्ही ऑटोच वापरला, फक्त हमाली तुमची. ए मोडवर राहून 'इथे पांढरं जास्त आहे, अधिक १ देतो' म्हणणारा माणूस एमवर काटा शून्यावर आणणाऱ्यापेक्षा जास्त मॅन्युअल आहे.

मग एम कशाला? उजेड बदलत नाही पण चौकट बदलते तेव्हा. स्टेजचे दिवे तेच आहेत. एका फोटोत नवरी शालूत, पुढच्यात सूटमधले काका, त्याच्या पुढच्यात मागचा पांढरा पडदा. ऑटो प्रत्येक वेळी मत बदलेल आणि दोनशे फोटोंत दोनशे उजेड येतील. तिथे एकदा चेहऱ्यावरून एक्स्पोजर ठरवायचं, एमवर कुलूप लावायचं आणि काट्याकडे बघायचंच नाही. हाताशी ठरवायला काही नसेल तर स्वतःचा तळवा त्याच उजेडात धरा, चौकट तळव्याने भरा आणि काटा अधिक १च्या जरा अलीकडे येईल असं बघा. तळवा प्रत्येकाचा थोडा वेगळा, तेव्हा घरी एकदा तपासून तुमचा आकडा पक्का करा. तो तळवा जन्मभर बरोबर असतो.

कोजागिरीला गच्चीवरून चंद्र काढणाऱ्यांचं हेच होतं. चौकटभर काळं आभाळ, मीटर ते राखाडी करायला जातो आणि चंद्राची पांढरी थाळी होते. चंद्र म्हणजे उन्हात पडलेला दगड. त्याला जवळपास दिवसाचंच एक्स्पोजर लागतं: ११, १/१००, आयएसओ १००. करून बघा, डाग दिसतील.

एक चूक माझी सांगतो, म्हणजे तुम्ही ती करणार नाही. मी शिकलो रोलवर, मामांच्या स्टुडिओत. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल असायचा, नंतर रंगीत आले. रंगीत निगेटिव्हला उजेड जास्त झाला तर ती पचवते, कमी झाला की सावल्या मरतात. त्यामुळे मामांचा धडा एकच: 'शंका आली की एक स्टॉप जास्त दे.' वीस वर्षं तो धडा चालला. पहिला डिजिटल घेतला आणि कराडजवळच्या एका लग्नात भर दुपारी मांडवाबाहेर मी सवयीने एक स्टॉप जास्त दिला. नवरदेवाचं पांढरं रेशमी उपरणं सगळीकडून कागदासारखं कोरं. जरीकाठ नाही, सुरकुती नाही. आमच्या धंद्यात याला फोटो फाटला म्हणतात. डिजिटलमध्ये उजळ भाग एकदा फाटला की त्यात काही उरतच नाही, मागाहून कितीही खाली ओढा. सावल्या मात्र बऱ्याच वर काढता येतात. म्हणजे मामांचा धडा नेमका उलटा झाला होता आणि तो मला गिऱ्हाइकाच्या अल्बमवर शिकावा लागला. त्या घरचे फार बोलले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

तेव्हा मघाचं 'अधिक १' देताना दुसरा डोळा उपरण्यावर ठेवा. यासाठी दोन गोष्टी चालू करा: हिस्टोग्राम (डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं, फोटोत कुठलं किती ते दाखवणारा आलेख), आणि फाटलेला भाग चमकवून दाखवणारी सूचना. हिस्टोग्रामचा डोंगर उजव्या भिंतीला चिकटून वर चढला असेल तर काहीतरी फाटलं. मागच्या दिव्यांचे गोळे फाटले तर सोडून द्या, दिवा फाटणारच. उपरणं, मुंडावळ्यांचे मोती, कपाळ फाटलं तर एक-दोन टिक खाली या. मागच्या स्क्रीनवर मात्र भरवसा नको. उन्हात तो अंधारा दिसतो, मग आपण उगीच उजेड वाढवतो. रात्री तोच फोटो झगझगीत दिसतो आणि घरी आल्यावर अंधारा निघतो. स्क्रीनचा ब्राइटनेस ऑटोवर असेल तर आधी तो एका जागी बांधून टाका.

हळदीला आणखी एक सापळा आहे. पिवळी साडी, अंगभर हळद आणि वरून सकाळचं ऊन. साधा पांढरा हिस्टोग्राम म्हणेल सगळं ठीक, तरी फोटोत साडीचा पोत जाऊन नुसता पिवळा पट्टा दिसेल. कारण गडद पिवळ्यात लाल रंगाचा भाग सगळ्यात आधी भरतो. लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे हिस्टोग्राम दाखवायची सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते. लाल भिंतीला टेकला की थांबा. जेजुरीला भंडारा उधळताना काढणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. तिथे मी उणे दोन तृतीयांशवर सुरुवात करतो.

प्रत्येक वेळी सगळं वाचतंच असं नाही. वारीत दिवे घाटात उभा राहतो तेव्हा समोर पांढरी धोतरं, पांढऱ्या टोप्या, उन्हाने रापलेले चेहरे आणि मागे पावसाळी आभाळ. ढग दाट असतील तर उजेड मऊ असतो आणि सगळं एका फोटोत मावतं. अधिक दोन तृतीयांश देतो, टोपीची शिवण दिसते ना एवढं तपासतो. पण मध्येच ढग फाटून ऊन आलं तर टोपी आणि चेहरा यांत एवढी तफावत पडते की एकाला सोडावं लागतं. मी चेहरा धरतो आणि आभाळ सोडतो. माझा एक मित्र आभाळ धरतो आणि वारकऱ्यांच्या नुसत्या आकृत्या घेतो. त्याचे फोटो माझ्यापेक्षा जास्त छापून येतात, तरी मी चेहराच धरतो.

सरावासाठी रोलच्या डब्यावर छापलेला जुना ठोकताळा अजून चालतो: कडक उन्हात अ‍ॅपर्चर १६, आणि शटर म्हणजे १ भागिले आयएसओ. आयएसओ १००ला १/१००. त्याचाच भाऊ ८ आणि १/४००. उघड्या सावलीत तीन स्टॉप खाली, म्हणजे १/१००ला ५.६. एसटीची वाट बघत उभे असाल तेव्हा कॅमेरा पिशवीतच ठेवा आणि मनात अंदाज बांधा: शेडखाली किती, रस्त्यावर किती. मग कॅमेरा काढून मीटर काय म्हणतो ते बघा, आणि तो वेगळं म्हणत असेल तर समोर काय पांढरं-काळं आहे ते शोधा. आम्ही वहीत आकडे लिहायचो, तुमचा कॅमेरा प्रत्येक फोटोत ते आपोआप लिहून ठेवतो. साखरपुड्याचे फोटो उघडून तेच आकडे वाचा. तुमचं पहिलं पाठ्यपुस्तक तेच.

आता लग्नासाठी. ए मोड. अ‍ॅपर्चर ५.६, लेन्स पूर्ण वाइडवर असेल तर ३.५ मिळेल तेही घ्या. आयएसओ ऑटोवर, वरची मर्यादा ६४००, आणि कमीत कमी शटर १/१२५; ही शेवटची सोय मेनूत आयएसओच्याच आसपास सापडते. लेन्समधलं किंवा कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर थांबवतं, नवरीची मान नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर शटर खाली आणू नका. तुमच्या हातात फक्त अधिक-उणेचं बटण राहील. एवढं एकच काम घ्या. रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल, नंतर सुधारायला सोपी) आणि जेपेग दोन्ही साठवा, कार्ड मोठं घ्या.

हॉलमध्ये फोटोवर आडवे काळपट पट्टे दिसले तर घाबरू नका, कॅमेरा बिघडलेला नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून मेकॅनिकल घ्या आणि मघाचं कमीत कमी शटर १/१००वर आणा. बहुतेक पट्टे जातात. चेहरे पिवळे दिसणं हा व्हाइट बॅलन्सचा, म्हणजे उजेडाच्या रंगाचा, प्रश्न आहे, एक्स्पोजरचा नव्हे. रॉमध्ये तो नंतर सुटतो.

साखरपुड्याच्या फोटोंबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगतो. काळे आलेले चेहरे रॉमध्ये असतील तर दीडदोन स्टॉप उचलून बघा, बरेच वाचतील. नुसते जेपेग असतील तर एक स्टॉपपर्यंत. रंग फारच मळले तर ते तेवढे कृष्णधवल करा, आजीआजोबांचे विशेषतः चांगले दिसतात. हललेले मात्र गेले.

आणि शक्य झालं तर आदल्या संध्याकाळी कार्यालयावर जा, दिवे लावायला सांगा आणि घरच्या कोणाला तरी स्टेजवर पांढरा शर्ट घालून उभं करा. दहा मिनिटांत तुमचा अधिक-उणेचा आकडा सापडेल, तो हातावर पेनने लिहून ठेवा. हळदीच्या वेळी लेन्सला पातळ प्लॅस्टिकची पिशवी रबरबँडने बांधा, पुढची काच तेवढी उघडी ठेवा. झूमच्या रिंगमध्ये हळद शिरली की ती निघत नाही. माझी एक लेन्स अजून फिरवताना करकरते.